बाल्टिमोरचा सर्जन आणि परत येणारी गाठ

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक सर्जन राहत असे. त्याचे शर्ट धुण्यासाठी आणि इस्त्रीसाठी बोटीने पॅरिसला जात. घरी पाहुणे जेवायला यायचे असले की टेबलावरचा कपडा टेबलावरच अंथरून पुन्हा इस्त्री केला जाई, आणि कॉफीच्या बिया हा गृहस्थ स्वतः एकेक निवडून घेई, म्हणे. आम्ही सोलापूरकर कापडाच्या गावचे. चादरीचा रंग जाऊ नये म्हणून ती कशी धुवावी यावर आमच्या घरांतून वाद होतात, पण धुण्यासाठी साता समुद्रापलीकडे कपडे पाठवणारा माणूस आमच्याही ऐकण्यात नाही. त्याचे नाव विल्यम स्ट्यूअर्ट हॉल्स्टेड. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया कशी करावी, हे जगाला जवळजवळ ८० वर्षे त्याने शिकवले. त्याच्या एका प्रश्नाने असंख्य बायकांचे आयुष्य वाढवले, आणि त्याच प्रश्नाच्या त्याने दिलेल्या उत्तराने असंख्य बायकांना नको इतके कापलेही.

या माणसाशी माझी ओळख बँकेत झाली, असे म्हटले तर नवल वाटेल. मी शाखेत अधिकारी असताना कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या बिलांच्या फायली माझ्याकडे येत. कॅश खात्यातल्या एका बाईंच्या फायलीत डिस्चार्ज कार्ड होते, आणि त्यावर शस्त्रक्रियेचे नाव लिहिले होते : मॉडिफाइड रॅडिकल मॅस्टेक्टॉमी. बँकेतल्या माणसाला कागदावरचा प्रत्येक शब्द तपासायची खोड असते. मॉडिफाइड म्हणजे सुधारित. पण कशापेक्षा सुधारित? ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी हॉल्स्टेडचे नाव सांगितले. त्या बाई कामावर परत आल्यावर एकदा माझ्या टेबलाशी थांबल्या. मी पुस्तके वाचणारा आणि लिहिणारा माणूस, म्हणून त्यांनी मला विचारले, की सगळे काढून टाकल्यावर त्याच जागी ते परत कसे येऊ शकते? डॉक्टर दर तीन महिन्यांनी बोलावतात ते कशासाठी? मला उत्तर देता आले नाही. पण हॉल्स्टेडने जन्मभर हाच प्रश्न विचारला होता, हे पुढे वाचनातून कळत गेले.

हॉल्स्टेड २३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मला. घर गर्भश्रीमंत, वडिलांचा कापडाच्या आयातीचा मोठा व्यापार. येल विद्यापीठात तो फुटबॉल संघाचा कप्तान होता. ग्रंथालयातून त्याने एकही पुस्तक कधी नेले नाही, अशी आख्यायिका आहे. शेवटच्या वर्षी मात्र त्याने शरीररचनेचे एक पुस्तक विकत घेतले आणि गडी बदलला. १८७७ मध्ये तो डॉक्टर झाला. मग दोन वर्षे युरोप : व्हिएन्ना, हाले, वुर्झबर्ग. तेव्हा शस्त्रक्रियेची पंढरी जर्मन भाषेच्या मुलखात होती आणि बिलरोट, फोल्कमान ही त्या पंढरीची दैवते होती. १८८० मध्ये तो न्यूयॉर्कला परतला तेव्हा त्याच्याइतका धडाडीचा तरुण सर्जन शहरात नव्हता. बेलव्ह्यू रुग्णालयातली घाण पाहून त्याने मित्रांकडून पैसे जमवले आणि आवारात स्वतःचा स्वच्छ तंबू उभारला.

त्या काळातल्या दोन हकिकती सांगायलाच हव्यात. १८८१ मध्ये त्याची बहीण बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. तो पोचला तेव्हा ती पांढरीफटक पडली होती. त्याने स्वतःच्या हातातून रक्त काढून तिला दिले, आणि मग शस्त्रक्रिया केली. रक्तगट नावाची गोष्ट तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. बहीण वाचली, यात निम्मे श्रेय दैवाचे. पुढच्या वर्षी आई पित्ताशयाच्या दुखण्याने मरणाच्या दारी होती. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तिचे पित्ताशय उघडले आणि खडे काढले. आईही वाचली. अशा माणसाला आपल्या सुरीवर जरा जास्तच विश्वास बसला, तर त्याला दोष कसा द्यावा?

१८८४ मध्ये व्हिएन्नाहून बातमी आली की कोकेनने डोळा बधिर करता येतो. हॉल्स्टेड आणि त्याचे सहकारी लगेच प्रयोगाला बसले. शरीरातल्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचले की तेवढा भाग बधिर होतो, हे त्यांनी शोधून काढले. आज दंतवैद्य हिरडीत सुई टोचतो, त्याचे मूळ तिथे आहे. पण टोचायचे कोणाला? एकमेकांना आणि स्वतःला. हे द्रव्य माणसाला गिळते, याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती. त्याच्या सोबत्यांपैकी काही जण त्यात संपले. १८८५ मध्ये हॉल्स्टेडने याच विषयावर लिहिलेला लेख इतका भरकटलेला आहे, की वाचताना पोटात कालवते. १८८६ मध्ये त्याला प्रॉव्हिडन्स गावातल्या मनोरुग्णालयात ठेवले. तिथे कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन दिले, म्हणजे एक सावकार फेडण्यासाठी दुसरा सावकार गाठला. विल्यम वेल्च नावाच्या मित्राने त्याला बाल्टिमोरला स्वतःच्या घरी नेले, प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या आतड्यावर काम करायला बसवले. मधे पुन्हा नऊ महिने रुग्णालयात काढावे लागले. १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले आणि वेल्चच्या भरवशावर हॉल्स्टेडला तिथे घेतले गेले. १८९२ मध्ये तो शस्त्रक्रियेचा प्राध्यापक झाला.

बाल्टिमोरला जो आला तो न्यूयॉर्कचा धडाकेबाज सर्जन नव्हता. तो अबोल, एकलकोंडा आणि कमालीचा सावकाश झाला होता. भूल देण्याच्या आधीच्या जमान्यात जो सर्जन झटपट कापे तो मोठा. हॉल्स्टेड तासन् तास घेई. प्रत्येक रक्तवाहिनी चिमट्यात धरायची, बारीक रेशमाच्या धाग्याने बांधायची, मांस हाताळताना जणू ते जागे आहे अशी काळजी घ्यायची. आपल्याकडचा जुना विणकर तुटलेला ताणा सांधताना जसा श्वास रोखतो, तसे काहीसे. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे आले तेही त्याच्यामुळे, आणि त्यामागे प्रेमप्रकरण आहे. कॅरोलिन हॅम्प्टन ही त्याची प्रमुख परिचारिका. जंतुनाशक म्हणून पाऱ्याचे द्रावण वापरत. त्याने तिच्या हातांवर पुरळ उठे. हॉल्स्टेडने गुडइयर कंपनीकडून तिच्या हातांच्या मापाचे पातळ रबरी मोजे करून घेतले. १८९० मध्ये दोघांचे लग्न झाले. मोजे जंतू रोखतात हे त्याच्या सहायकांच्या लक्षात यायला आणखी काही वर्षे गेली.

आता त्या शस्त्रक्रियेकडे वळू.

त्या काळी स्तनाची गाठ घेऊन येणाऱ्या बाईची गाठ लिंबाएवढी, संत्र्याएवढी झालेली असे. सर्जन ती काढत, जखम भरे, आणि काही महिन्यांत वणाच्या रेषेवर पुन्हा बारीक गाठी उगवत. युरोपातल्या नामांकित सर्जनांच्या रुग्णांत निम्म्याहून अधिक जणींना आजार त्याच जागी परत येई. बिलरोटच्या रुग्णांत हे प्रमाण ८२ टक्के होते. लंडनच्या चार्ल्स मूरने १८६७ मध्येच सांगितले होते, की हा नवा आजार नव्हे; काढताना मागे राहिलेला जुनाच आजार आहे. हॉल्स्टेडने हे म्हणणे टोकाला नेले. त्याचा तर्क असा : कर्करोग एका जागी सुरू होतो आणि पाण्यात खडा टाकल्यावर लाटा पसराव्यात तसा शेजारच्या भागांत क्रमाने पसरतो. तेव्हा लाटेच्या पुढे जाऊन कापले, की संपले. स्तन, त्यावरची कातडी, खालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतल्या गाठी हे सगळे त्याने एकाच अखंड तुकड्यात काढायला सुरुवात केली. अखंड यासाठी, की गाठीतून सुरी फिरली तर पेशी जखमेत सांडतील आणि तिथे रुजतील.

१८९४ मध्ये त्याने पहिल्या ५० रुग्णांचा हिशेब छापला. त्याच जागी आजार परत आला तो फक्त तिघींना, म्हणजे ६ टक्के. जगभरचे सर्जन थक्क झाले.

मी बँकेत ताळेबंद तपासण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत, म्हणून या ताळेबंदाबद्दल दोन शब्द. आकडा खोटा नव्हता. हॉल्स्टेड खोटे लिहिणारा माणूस नव्हे. पण त्या तिघींखेरीज आणखी आठ जणींना वणापासून थोडे दूर, आसपासच्या कातडीत आजार आला होता. तो त्याने वेगळ्या खात्यावर टाकला. दोन्ही खाती एकत्र केली तर ५० पैकी ११ होतात. शिवाय बऱ्याच जणींच्या शस्त्रक्रियेला तीन वर्षेही झाली नव्हती, आणि मुदत संपण्याआधी बुडीत कर्जाचा आकडा नेहमीच छान दिसतो. तरीही त्याने केलेली एक गोष्ट तोपर्यंत फार थोड्यांनी केली होती. घरी गेलेल्या रुग्णांचा तो पत्रांनी माग काढत राहिला आणि आलेले उत्तर, चांगले असो वा वाईट, लिहून ठेवत गेला.

या नोंदींनीच पुढे त्याच्या तर्काला छेद दिला. १९०७ मध्ये त्याने २३२ रुग्णांचा हिशेब मांडला. ज्यांच्या काखेतल्या गाठींत कर्करोग नव्हता त्या बहुतेक तगल्या. ज्यांच्या मानेपर्यंत तो पोचला होता, त्यांना कितीही कापले तरी त्या क्वचितच वाचल्या. म्हणजे बाईचे भवितव्य सर्जनने किती कापले यापेक्षा आजार आधीच कुठवर गेला होता, यावर ठरत होते. हे त्याच्या स्वतःच्या वहीत लिहिलेले होते. पण त्याच्या शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी धडा घेतला तो उलटा : अजून जास्त कापा. कोणी मानेत शिरले, कोणी बरगड्या काढल्या. बायका वाचत, पण छातीची कातडी बरगड्यांना चिकटलेली, हात सुजून खांबासारखा झालेला, खांदा वर होत नाही. वेणी घालायला दुसऱ्या बाईला बोलवावे लागे. त्या काळातल्या वैद्यकीय लेखांत या दुःखाला फारशी जागा दिसत नाही, आणि ते लेख लिहिणारे जवळजवळ सगळे पुरुष होते हेही नमूद करायला हवे.

लंडनच्या जेफ्री केन्सने १९२०च्या दशकातच लहान शस्त्रक्रिया आणि रेडियमच्या सुया असा मार्ग दाखवला. त्याची टिंगल झाली. अखेर १९७१ मध्ये अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशरने हॉल्स्टेडच्या शस्त्रक्रियेची लहान शस्त्रक्रियेशी चिठ्ठ्या टाकून रीतसर तुलना सुरू केली. २५ वर्षे माग काढूनही आयुष्यमानात फरक दिसला नाही. पाठोपाठ फिशरने आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसीने स्तन राखून फक्त गाठ काढण्याची परीक्षा घेतली. जगण्याचे प्रमाण तिथेही सारखेच. मात्र हॉल्स्टेडच्या मूळ प्रश्नाचे उत्तर फिशरच्या २० वर्षांच्या आकड्यांत स्वच्छ दिसते : गाठ काढून किरणोपचार घेतलेल्यांत १४ टक्के बायकांना त्याच स्तनात आजार परत आला, किरणोपचार न घेतलेल्यांत ३९ टक्के.

आमच्या कॅश खात्यातल्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. सगळे काढले तरी कातडी राहते, कातडीखालचा पातळ थर राहतो, छातीची भिंत राहते. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी तिथे असू शकतात. त्या आहेत की नाहीत याचा अंदाज ज्या गोष्टींवरून बांधतात, त्या बहुतेक सगळ्या एकाच कागदावर असतात : काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, म्हणजे पॅथॉलॉजीचा अहवाल. प्रयोगशाळेत त्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात आणि मग पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कर्करोगाच्या पेशी शाईपर्यंत पोचल्या असतील तर कड स्वच्छ नाही, आणि अशी कड हे परत येण्याचे फार मोठे कारण. बहुधा पुन्हा थोडे काढावे लागते. कड स्वच्छ असेल तर आणखी रुंद कापल्याने विशेष लाभ नाही, हे आता मान्य झाले आहे. त्याच अहवालात गाठीचा आकार असतो. पाच सेंटिमीटरच्या पुढे धोका वाढतो. काखेतल्या किती गाठींत आजार होता ते असते; चार किंवा जास्त असतील तर स्तन पूर्ण काढला असला तरी छातीवर किरणोपचार सुचवतात. पेशी किती बेफाम आहेत, बारीक रक्तवाहिन्यांत आणि लसवाहिन्यांत शिरल्या आहेत का, हार्मोनला दाद देतात का, हेही तिथेच कळते. अहवालाबाहेरची मोठी गोष्ट म्हणजे वय. चाळिशीच्या आतल्या बाईला तोच आजार त्याच जागी परत येण्याचा धोका साठीतल्या बाईपेक्षा जास्त असतो. तरुण आहे, झेपेल, असे आपण म्हणतो ते इथे लागू नाही.

आणि एक कारण कोणत्याच अहवालात नसते : उपचार अर्धवट सोडणे. किरणोपचाराला आपल्याकडे शेक म्हणतात. पूर्वी तो आठवड्यात पाच दिवस असा पाच आठवडे चाले. आता पुष्कळ जणींना तीन आठवडे पुरतात. सोलापूर जिल्ह्यातल्या बाईला त्यासाठी एके काळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर मुंबई गाठावी लागे, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत बिऱ्हाड करायचे आणि रोज परळला टाटा रुग्णालयात जायचे. ज्वारीची काढणी आली, मुलीची परीक्षा आली, की ती परत निघे. जखम भरलेली, दुखत काही नाही, मग कशाला राहायचे? हार्मोनच्या गोळीचेही तसेच; पाच वर्षांची गोळी दोन वर्षांत सुटते. १९८२ मध्ये बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले तेव्हा हे अंतर निदान जिल्ह्यात आले. पुढे १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांची कर्करोग नोंदवही तिथे सुरू झाली, ती भारतातली पहिली ग्रामीण नोंदवही. कार्यकर्ते गावोगाव जाऊन पारावर, अंगणात बसून विचारतात, की कोणाला गाठ आहे का, कोणाला काय झाले. हॉल्स्टेड पत्रे पाठवी. बार्शीकर स्वतः जातात.

तो तपासणीचा कागद किती मोलाचा, हे माझ्या नात्यातल्या एका बाईंमुळे मला कळले. तालुक्याच्या गावी एका लहान दवाखान्यात त्यांची गाठ काढली, साधी आहे असे सांगितले आणि ती टाकून दिली. दोन वर्षांनी त्याच जागी पुन्हा गाठ आली. पहिली कशी होती, कड कशी होती, हे सांगायला जगात कोणताही कागद नव्हता. पुढच्या डॉक्टरांना सगळे अंधारात करावे लागले. मुंबईत १९४१ मध्ये टाटा रुग्णालय उघडले तेव्हा त्याच्या प्रयोगशाळेची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीला या देशात प्रतिष्ठा मिळवून देणारा तो माणूस. धोतर कमरेला घट्ट बांधण्याच्या जागी होणारा कर्करोग त्यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडला. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा. असो.

परत आलेला आजार बहुधा दुखत नाही. वणावर तांदळाएवढा कठीण दाणा, न जाणारा लालसर चट्टा, जाड झालेली कातडी, काखेत किंवा गळ्याच्या हाडाजवळ गाठ, एवढेच दिसते. स्तन काढलेल्यांत तो बहुतेक वेळा पहिल्या पाच वर्षांत येतो. स्तन राखलेल्यांत दहा वर्षांनंतरही येऊ शकतो. दर तीन महिन्यांनी बोलावतात ते त्यासाठी. हॉल्स्टेड सपशेल चुकला होता असेही नव्हे. जगभरच्या परीक्षांचा एकत्र हिशेब २००५ मध्ये झाला, तेव्हा दिसले की चार जणींत आजाराचे त्या जागी परतणे टाळले, तर १५ वर्षांच्या हिशेबात त्यांतल्या एकीचा जीव वाचतो. जागेवरचा बंदोबस्त महत्त्वाचा होताच. फक्त तो एकट्या सुरीने करायचा नव्हता.

उतारवयात हॉल्स्टेड वर्षातले कित्येक महिने नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात राही. तिथे त्याने डेलियाच्या फुलांची बाग केली होती, आणि रात्री तो दुर्बिणीतून तारे पाही. मूलबाळ नव्हते. बाल्टिमोरच्या घरात नवराबायको वेगवेगळ्या मजल्यांवर राहत, पण एकमेकांवाचून त्यांना करमत नसे. हार्वी कुशिंग, वॉल्टर डँडी यांच्यासारखे मेंदूचे सर्जन त्याच्या हाताखाली तयार झाले. १९१९ मध्ये त्याला पित्ताच्या खड्यांचा त्रास सुरू झाला, आईला झाला होता तोच. शस्त्रक्रिया झाली. तीन वर्षांनी दुखणे पुन्हा उलटले. पित्तनलिकेत खडा राहिला होता. त्याच्याच शिष्यांनी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया केली, पण मागाहून न्यूमोनिया झाला आणि ७ सप्टेंबर १९२२ रोजी तो गेला. दोन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, कॅरोलिनही गेली. १९६९ मध्ये त्याचा सहकारी विल्यम ऑस्लर याने लिहून बंद करून ठेवलेली टिपणवही उघडली गेली. तेव्हा जगाला कळले, की ज्या काळात तो एकेक रक्तवाहिनी रेशमाने बांधत सावकाश शस्त्रक्रिया करत होता आणि घरी गेलेल्या बायकांना पत्रे पाठवत होता, त्याही काळात त्याचे मॉर्फिन सुटलेले नव्हते.